दोरा तसाच आहे

२७ एप्रिल, रविवार

प्रेरणा, म्हणजे माझ्या धनाजीची लेक, जाताना हा मोबाईल देऊन गेली. कळ दाबायची, बोलायचं, आत अक्षरं पडतात. तारीख तो स्वतःच टाकतो. मी शाळेची पायरी चढलेली नाही, त्यामुळं ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा लपलेली. याहून चांगलं कुलूप कुठं मिळणार? माझं बोलणं तो जरा मास्तरी करून लिहितो म्हणे. लिहू दे. लोकांचं बोलणं मात्र मी जसंच्या तसं सांगणार.

रोजनिशी कशासाठी? तर प्रेरणाला लग्न करायचंय. मुलगा स्वीडनचा. नाव निल्स, मी निळू म्हणते. दगडाचा डॉक्टर आहे. डोंगरात बोगदा काढायच्या आधी दगड तपासतो. दोघं पुण्यात एकाच कंपनीत, आता कंपनीनं दोघांनाही तिकडं धाडलंय दिवाळीपर्यंत. काल पाया पडायला आली होती. तो पाया पडला, पण चुकून धनाजीच्या म्हशीकडं तोंड करून. चालायचं.

निश्चय एक. मुलाचं घराणं सात पिढ्या तपासल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. निश्चय दोन. फुटेल ती आमच्या गावात, पासलीत, याच अंगणात, फणसाखाली. हॉल नाही, पुणं नाही. सगळे माझ्या होकारासाठी थांबलेत.

निळू जाताना घरामागच्या माळावर चढला. वर एक भेग आहे, पैंजण पडलं तर अडकेल एवढीशी. उन्हाळ्यात जमीन तडकतेच. त्यानं तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्या, मधे निळा नायलॉनचा दोरा बांधला, सैलसर. मग प्रेरणाच्या तोंडून सांगितलं की दर रविवारी दोऱ्याचा फोटो पाठवा. दोरा ताणला की घर सोडायचं. तुटला तर भांडीसुद्धा गोळा करत बसायचं नाही.

मी तेव्हाच ओळखलं. आम्ही त्याचं घराणं बघणार, म्हणून तो आमचं घर बघतोय. म्हातारीच्या हातात दिलेली वस्तू म्हातारी कशी सांभाळते, याची परीक्षा. हुशार आहे पोरगा. पण मी काय काल जन्मले?

४ मे, रविवार

गावात रेंज नाही. माळावर भेगेपाशी बसलं की येते. दोन दगड ठेवून बैठक केली. एका दगडावर मी, दुसऱ्यावर तंबाखूची डबी.

फोनमध्ये प्रेरणा, तिच्या शेजारी निळूची आत्या. नाव ब्रिटा. केस माझ्यासारखेच पांढरे, पण कापलेले. तिनं गावच्या चर्चमधली जुनी जन्ममृत्यूची नोंद काँप्युटरवर आणून घराण्याचा सगळा माग काढलाय. ती बोलते, प्रेरणा मराठी करते.

पहिलाच प्रश्न विचारला, आडनाव काय? तर दर पिढीला वेगळं. पेरचा मुलगा ओलोफ, म्हणून तो पेरसन. ओलोफचा मुलगा आंदेर्स, तो ओलोफसन. म्हणलं, आमच्याकडं कोर्टात खटला असलेला माणूस असं करतो. प्रेरणा हसली. बापाच्या नावापुढं मुलगा लावायचा, तिकडं पद्धतच तशी होती म्हणे.

मग माझ्या ध्यानात आलं. तशी पद्धत आमच्यात असती तर धनाजीच्या आडनावात त्याच्या वडिलांचं नाव आलं असतं, आणि मला माझ्या लेकाचं आडनाव जन्मात घेता आलं नसतं. हे सांगितल्यावर ब्रिटानं विचारलं, नवऱ्याचं नाव घेतलं तर काय होतं? मी म्हणलं, काय होतं ते बघायला कुणी घेतलंच नाही.

दोऱ्याचा फोटो पाठवला. खाली उतरताना गेनबानं हाक मारली. हा माझा चुलत दीर, शेजारीच घर, एकटा असतो, दोन बैल सांभाळून आहे. गावात सगळ्यांनी टिलर घेतले, यानं बैल सोडले नाहीत. दातात काडी घालून म्हणाला, "वैनी, दोरा कसा हाय?"

"तसाच हाय. तुला काय त्यावर धोतर वाळत घालायचंय?"

११ मे, रविवार

आज देवक विचारलं. प्रेरणा म्हणाली, त्यांच्यात देवक नसतं. म्हणलं, नसतं कसं, विसरले असतील.

शेती? होती. आपल्यासारखीच, उतारावर, मातीपेक्षा दगड जास्त. राय नावाचं धान्य, बटाटे, गाई. उन्हाळ्यात शेत, आणि बर्फ पडलं की सगळे पुरुष लोखंडाच्या खाणीत. वरून शेतकरी, खालून उंदीर. हे आवडलं मला. रिकामं बसणारं घराणं नाही.

ब्रिटानं खाणीचा आताचा फोटो दाखवला. नुसता खड्डा. खाली काळं पाणी. पासली अख्खी उतरली असती, वर देवळाचा कळससुद्धा दिसला नसता. मी विचारलं, एवढा खड्डा माणसांनी खणला? ती म्हणाली, अर्धा माणसांनी. अर्धा आपोआप पडला.

मग रेंज गेली.

१८ मे, रविवार

अवकाळी लागलाय. वळवाचा नाही, सरळ आषाढ असल्यासारखा.

तक्रार. सिंधूला, म्हणजे माझ्या सुनेला, सारवायला येत नाही. माजघरात उभी भेग पडलीय, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. तिनं परवा बुजवून सारवलं, आज पुन्हा तीच भेग, तिथंच. म्हणलं, शेण पातळ कालवतेस. ती म्हणाली, "आत्याबाई, शेण तेच, हात तोच. भुई हालतीया." आपला आळस भुईवर ढकलायचा. आमच्या वेळी सासूसमोर भुईची हलायची टाप नव्हती.

दोरा जरा कमी सैल. पावसानं आकसला असेल. फोटो पाठवला.

२५ मे, रविवार

आज घराण्यातला पहिला कामाचा माणूस सापडला. ओलोफ. निळूच्या पणज्याचाही पणजा.

खाणीच्या छताला भेग पडली की तिच्यात लाकडाची पाचर ठोकायची. पाचर घट्ट असली तर दगड जागेवर. पाचर सैल होऊन खाली पडली की दगड हलला. मग हत्यारं टाकून सगळ्यांनी वर यायचं. पाचरांवर नजर ठेवायचं काम ओलोफचं. जबाबदारीचं काम. मला माणूस पसंत पडला.

पण ब्रिटा पुढं म्हणाली, ओलोफची एक खोड होती. त्याच्या पाळीत काम थांबलं की लोक नावं ठेवतील, असं त्याला वाटायचं. म्हणून पडलेली पाचर तो उचलायचा, तिला लाकडाची आणखी एक ढलपी लावायचा, आणि परत ठोकायचा.

मी कपाळावर हात मारला. म्हणलं, हे काय घराणं? समोर भेग दिसतीय, पाचर पायाशी पडलीय, आणि हा शहाणा ठोकत बसलाय. असल्या माणसाच्या वंशात मुलगी द्यायची म्हणजे विचार करावा लागेल. प्रेरणानं हे ब्रिटाला सांगितलं नाही. मी बोलले की पोर विचारात पडते.

उठताना पाय घसरला, भेगेत गेला. घोट्यापर्यंतच. चप्पल काढायला काठी घालावी लागली.

१ जून, रविवार

दोरा ताठ. बोटानं छेडला तर एकतारीसारखा वाजला.

विचार केला. फोटोत ताणलेला दिसला तर निळू म्हणेल घर सोडा. घर सोडलं तर अंगण कुठलं? अंगण नाही तर सुपारी कुठं फोडायची? शिवाय ताणलेला दोरा म्हणजे नुसता पाऊस. लोखंड जड, माती ओली, खुंटी सरकली असणार. सरकलेली खुंटी जागेवर आणणं याला लबाडी म्हणत नाहीत, व्यवस्था म्हणतात.

वरच्या अंगाची खुंटी उपटली, वीतभर भेगेकडं आणून ठोकली. दोरा पहिल्यासारखा छान सैल. फोटो पाठवला. निळूचा अंगठा आला.

"वैनी, दोरा कसा हाय?"

"तसाच हाय."

८ जून, रविवार

कामं नीट चाललीत. आता सहा पिढ्या झाल्या.

ओलोफची बायको कारिन. ही बाई मला फार आवडली. चर्चच्या नोंदीत तिच्या नावापुढं खूण आहे. पाद्री घरोघर फिरून कोणाला वाचता येतं ते तपासायचा, तेव्हा हिला आलं नव्हतं. म्हणजे माझी बहीणच.

कारिनचं घर खाणीच्या कडेला. एक दिवस घरात दुधाचं भांडं आपोआप वाजायला लागलं. भिंतीतून झिरपणारं पाणी थांबलं. ती नवऱ्याला म्हणाली, चला. तो म्हणाला, पाचर घट्ट आहे. तिनं वाद घातला नाही. पोर पाठीशी बांधलं, गाई सोडल्या, आईच्या घरी चालत गेली. गाव हसलं तिला. ब्रिटा म्हणते, आम्ही सगळे तिच्या पाठीवर बसून आलो.

मी धनाजीला रात्रीच्या जेवणाला सांगितलं, बघ, न शिकलेल्या बाईला कळतं ते असं. मला त्या बाईत माझंच तोंड दिसलं. सिंधू भाकरी थापत होती, तिनं फक्त वर बघितलं.

ओलोफचं पुढं काय झालं ते ब्रिटा सांगायला लागली आणि पाऊस आला.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सिंधू वडाला सूत गुंडाळून आली आणि अंगणातच उभी राहिली. म्हणाली, सरपंचांनी सांगितलंय, डोंगराखालच्या चार घरांनी पावसाळाभर शाळेत राहायला यावं. दोन घरं निघालीत. आपणही जाऊ.

मी म्हणलं, आज नवरा मागून आलीस, आता घर सोडायचं मागतेस, एका दिवसात किती मागशील?

धनाजीनं मला बाजूला घेतलं. "आई, खरं सांग. दोरा कसा हाय?"

लेकानं विचारलं. लेकाला खोटं सांगवत नाही. पण खुंट्या होत्या, दोरा होता, दोरा सैल होता. यातलं खोटं काय?

"तसाच हाय," म्हणलं. तो चिखलणीला गेला.

१५ जून, रविवार

दोरा तुटला.

भेगेत आता काठीसकट हात कोपरापर्यंत जातो. आतून थंड वारा येतो, धान्याच्या जुन्या पेवाचं झाकण काढल्यावर येतो तसा. दगड टाकून बघितला. पडल्याचा आवाज ऐकू आला नाही. कानच म्हातारे झालेत.

तुटका दोरा सोयरिकीत दाखवतात का? अपशकुन. पोरीच्या संसाराच्या आधीच तुटका दोरा तिकडं पाठवायचा, तोही स्वतःच्या हातानं? ते माझ्यानं होणार नाही. गाठ मारली. गाठ पानाखाली लपवली. खुंटी पुन्हा वीतभर आणली, मग आणखी वीतभर. मुलगी बघायला पाहुणे आले की फाटक्या सतरंजीवर आपण चादर घालतो. तसं भेगेवर गवत कापून पसरलं. फोटो सुंदर आला.

निश्चय. सुपारी फुटली की दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं.

गेनबा आज दारात येऊन बसला. त्याच्या बैलांनी दोन दिवस गोठ्यात पाऊल टाकलं नाही, ओढून न्यावे लागतात. खालच्या वाडीला बहिणीकडं ठेवू का, असं मला विचारत होता. म्हणाला, "तुमी म्हणाल तसं. दोरा तुमच्या डोळ्याखाली हाय."

मी म्हणलं, "बैल म्हातारं झालं का तू? तसाच हाय दोरा. ऱ्हा गप."

२२ जून, रविवार

आनंदाची गोष्ट. गोठ्यामागं झरा फुटला! या घरात आल्यापासून मी डोक्यावर पाणी वाहिलं, आणि आता म्हातारपणी पाणी दारात. मांडीएवढा लोट. गढूळ आहे, पण निवळेल. सुपारीला माणसं आली की हात धुवायची सोय झाली.

सिंधूनं त्या पाण्यात हात घातला आणि वास घेतला. मग हात पदराला पुसला. तिला माझ्या घरात काही चांगलं झालेलं बघवत नाही.

२९ जून, रविवार

ओलोफची गोष्ट पुरी झाली.

कारिन गेल्यावर तो दोन आठवडे पाचरा ठोकत राहिला. खालच्या माणसांनी रोज विचारायचं, पाचर कशी आहे? त्यानं म्हणायचं, घट्ट. तो सांगायचा म्हणून ती खाली उतरायची. मग एका सकाळी डोंगर बसला. चर्चच्या नोंदीत एकाच तारखेला नावांची रांग आहे. ब्रिटानं सगळी नावं वाचून दाखवली. प्रेरणानं मराठी केली नाही, नावांचं काय मराठी करणार? मी ऐकत राहिले. पाऊस थांबला होता. माळावर पाखरू नव्हतं.

मी म्हणलं, त्याचं एकट्याचं जाऊ दे, त्याला विचारून खाली उतरलेल्यांचं काय? एवढ्या लोकांचा जीव त्याच्या जिभेवर होता. त्याला एकदा खरं बोलायला काय झालं होतं?

ब्रिटानं तोंड फोनच्या जवळ आणलं. प्रेरणाला काहीतरी विचारलं. प्रेरणा म्हणाली, "आजी, ब्रिटा विचारतीय, दोरा खरंच तसाच आहे ना? इतक्या पावसात?"

मी म्हणलं, "तिला म्हणावं, आमच्यात ओलोफ जन्माला येत न्हाईत."

उतरताना दोनदा मागं वळून भेगेकडं बघितलं. डबी राहिली का म्हणून.

६ जुलै, रविवार

पाऊस. चार दिवस डोंगर दिसला नाही.

दाराची कडी लागत नाही. चौकट फुगलीय. धनाजीला म्हणलं रंधा मार. तो म्हणाला, चौकट फुगली नाही, कलंडलीय. लेकाचेही डोळे गेले.

पहाटे जात्यासारखी घरघर येते, जमिनीतून. आमचं जातं तर कोपऱ्यात उभं केलेलं. सिंधूलाही ऐकू येते का, हे मी विचारलं नाही. ती सांगेल अशी भीती वाटली. म्हणजे भीती नाही. उगाच बोलणं वाढतं.

फोटो पाठवला. एकच खुंटी दिसते आता. दुसरी मी हातानं धरली होती.

१३ जुलै, रविवार

बेंदूर झाला. गेनबानं बैलांची शिंगं रंगवली, पाठीवर हळदीचे पंजे उठवले. पुरणपोळी त्यांना आधी, मला नंतर. मी म्हणलं, बायको असती तर तिचा नंबर कितवा? म्हणाला, "बैल दोन. मंग तिसरा."

फणस कललाय. यंदा फळं एकाच अंगाला जास्त धरली, त्याला झाड काय करणार? पण सुपारीचा फोटो काढताना तिरका येईल. निळूला सांगावं लागेल मोबाईलच तिरका धर.

वर गेले. गवत भेगेत गेलेलं. सगळं. माझ्या बसायच्या दोन दगडांपैकी एक नाही. तंबाखूची डबी नाही. खालच्या अंगाची जमीन गुडघाभर खाली बसलीय, पायरी घडवावी तशी. खुंटी ठोकायला जागा नव्हती.

मागचाच फोटो पुन्हा पाठवला. कसा पाठवायचा ते कळायला अर्धा तास गेला. म्हातारी नवं शिकते, कौतुक कुणाला?

"वैनी, दोरा?"

मी मान हलवली. तोंडानं काही बोलले नाही. मान हलवणं म्हणजे काहीही असू शकतं.

२० जुलै, रविवार, सकाळ

झरा थांबला. एकदम. कुणीतरी तोटी बंद केल्यासारखा. गेनबानं वर कुठं पाइप टाकला असणार, त्याचंच काम.

मांडणीवरची भांडी वाजतात. उंदीर.

सिंधूनं म्हैस सोडली. अंगणात उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, म्या चालले साळंत. त्येन्ला बी शेतातनं तिकडंच बोलावलंय. तुमी येताय का?"

मी म्हणलं, दोरा तसाच हाय.

"दोरा म्या काल बघून आले," म्हणाली.

ना भांडली, ना रडली. माझ्याकडं बघितलं, म्हशीचं दावं हाताला गुंडाळलं आणि निघाली. गेनबाच्या दारात थांबून त्यालाही हाका मारताना ऐकलं. तो म्हणाला, वैनी हायत न्हवं घरात? मंग?

मी जाणार नाही. निश्चय. हे घर, हे अंगण. रागानं चुलीपाशी बसले. चहाला आधण ठेवलं. मग कळलं, दूध नाही. म्हैस नेली म्हणजे चहा नेला. बिनदुधाचा चहा मी माझ्या सासूच्या मयताला प्यायले होते, त्यानंतर नाही.

शाळेत जाऊन तिला चार शब्द सुनावते, चहा घेते आणि परत येते. दार लागत नाही, नुसतं ओढून घेतलंय. जाताना गेनबाला म्हणलं, आलेच.

२० जुलै

शाळेत चहाचा पहिला घोट घेतला होता.

आवाज मोठा नव्हता. मला वाटलं होतं मोठा असेल.

२७ जुलै, रविवार, भोर

धनाजीनं भोरला खोली घेतलीय. एस.टी. स्टँडमागं. रेंज भरपूर आहे. बसल्या जागी येते. कशाला हवीय आता?

घर नाही. फणस नाही. अंगण होतं तिथं माळ येऊन बसलाय. गेनबाला गावातल्या माणसांनी संध्याकाळी बाहेर काढलं. वासा अंगावर पडला होता, खुब्याचं हाड मोडलंय. त्या वाशानंच वरची माती थोपवली, नाहीतर सापडला नसता. तो गोठ्यात होता. बैल सापडले नाहीत. एका शिंगाचा रंग दिसला म्हणतात, पण खणून उपयोग नव्हता.

प्रेरणा आणि निळू गुरुवारी आले. निळू आधी पासलीला गेला, एकटाच, माळाच्या वरच्या अंगानं. तिथली जमीन जागेवर आहे. तिथं माझी जुनी भोकं आहेत. खुंटी उपटून पुढं, उपटून पुढं, एका ओळीत, कड्यापर्यंत चालत गेलेली. परत आला आणि माझ्या शेजारी बाकड्यावर बसला. खिशातून खुंटी काढली, मातीनं भरलेली, माझ्या ओच्यात ठेवली.

सुपारीचं काय, असं धनाजीनं विचारलं. मी म्हणलं, मला नगं इचारू. त्येन्ला इचार, आपलं घराणं पसंत हाय का.

एवढे दिवस मला वाटत होतं, मी कारिन आहे. खरी कारिन, माझी सून, तिकडं दवाखान्याच्या पायरीवर बसून गेनबासाठी पेज निववत होती. वाटी या हातातून त्या हातात. माझ्याकडं बघून सरकली, जागा केली. मी बसले. तिनं अजून एक शब्द टाकून बोललेलं नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी तिनं पेज माझ्या हातात दिली, तुम्हीच न्या म्हणाली.

गेनबा गोळ्यांच्या गुंगीत होता. डोळे उघडले. मला ओळखलं. वर पंखा फिरत होता, त्याकडं बघत म्हणाला, "वैनी, आज रविवार न्हवं?"

"व्हय."

"दोरा कसा हाय?"

थट्टा होती की गुंगी, कळलं नाही. सवयीचा शब्द जिभेवर आलाच होता. वाटी खाली ठेवली.

"तुटला," म्हणलं.

"कवा?"

"जेष्ठात. वटपुनव झाली, त्येच्या म्होरल्या रविवारी."

त्यानं मनाशी काहीतरी जुळवलं. बेंदूर त्याच्यानंतरचा. दारात येऊन बसला होता, तो रविवार तोच. पंखा फिरत राहिला. रागावला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही, माणूस हिशोब सांगतो तसं म्हणाला,

"बैल तरी सोडलं असतं म्या."